आकारामनं लावलेला गुलाल

आकाराम फोटो रंगवायचा. काढायचा नाही, धुवायचा नाही, नुसता रंगवायचा. इस्लामपुरात भाऊसोंचं फोटोचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं फ्रेमचं. भाऊसो फोटो काढून कागदावर उतरवायचे, आकाराम त्यात रंग भरायचा, मी काच कापून चौकट ठोकायचो. तिघांत सगळ्यात कमी हलणारा माणूस म्हणजे आकाराम. मी रंधा मारून घामानं भिजलेला असायचो, तेव्हा हा मांडी घालून कुणाच्या तरी कानाच्या पाळीवर बसलेला. सकाळी पाळी, दुपारीही तीच पाळी. मला पहिल्यांदा वाटलं, बसल्या बसल्या झोपतो. झोपला असता तर बरं झालं असतं. चाळिशीच्या आत मान धरली, ती कायमची. पुढं कुणी हाक मारली की नुसती मान वळायची नाही, सगळा माणूस वळायचा.

ही सत्तरनंतरची गोष्ट. रंगीत फोटो पुण्या-मुंबईत निघतात असं ऐकून होतो. आमच्याकडं फोटो म्हणजे काळा-पांढरा, आणि रंग पाहिजे असेल तर तो हातानं. रंग यायचे ते पातळ कागदावर वाळवलेले. नखाएवढा तुकडा कापून बशीतल्या पाण्यात टाकायचा, रंग सुटला की कुंचल्यानं फोटोवर चढवायचा. हात एकदा फिरवून काही दिसत नाही. तो वाळू द्यायचा, पुन्हा फिरवायचा. घाई केली की डाग. कुंचल्याला टोक यावं म्हणून आकाराम तो जिभेवर ओढायचा. त्यामुळं दुकानात दिवसभर काय काम झालं ते त्याच्या जिभेवरून कळायचं. केशरी जीभ म्हणजे फेटा. हिरवी म्हणजे चोळी नाहीतर बांगड्या. गुलाबी जीभ घेऊन घरी गेला की त्याची बायको राहीबाई दारातच विचारायची, "आज कुणाचं गाल चाटून आलासा?"

तो मूळचा वाईकडच्या एका खेड्यातला. लहानपणी बेंदराला गावातल्या बैलांची शिंगं रंगवायचा. तिथंच त्याचं रंगाविषयीचं मत बनलं आणि नंतर कुणाच्या बापाला ते बदलता आलं नाही. म्हणायचा, "बैल पांढरा असतोय. नुसती शिंगं हिंगुळानं लाल केली की तालेवाराचा वाटतोय. सगळा रंगिवलास तर तमाशातला." पुढं साताऱ्याला एका स्टुडिओत म्हाताऱ्या पेंटरच्या हाताखाली काम शिकला. त्या पेंटरला आभाळ निळं, गवत हिरवं, धोतर पिवळं, जे दिसेल ते रंगवायची सवय. आकारामनं त्याला एक दिवस तोंडावर सांगितलं, "मास्तर, ह्याखाली तारखा छापल्या की क्यालेंडर झालं." मास्तरांनी त्याच दिवशी त्याला वाट दाखवली. ती वाट इस्लामपुरात आली.

आमच्याकडं त्यानं आपला कायदा लावला. एका फोटोत एकच रंग, तोही एकाच जागी. बाकी सगळं काळं-पांढरं. गिऱ्हाइकाला वाटायचं, फसवलं.

"आवं, बाकीचं का सोडलंसा?"

"बाकीचं तुमच्या घरात हाय की. जाऊन बगा."

रंग लावायच्या आधी तो प्रत्येकाला विचारायचा, ह्या फोटोत आधी काय दिसाय पायजे? बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसायचा. रजेवर आलेल्या एका शिपायानं मात्र झटक्यात छातीवरची फीत दाखवली. करंगळीच्या नखात मावेल एवढी ती फीत, त्यात पट्टे वेगवेगळ्या रंगांचे. कायदा मोडून आकारामनं ते पट्टे रंगवले आणि म्हणाला, फीत एकच हाय, जागा एकच हाय. आटपाडीकडचा एक म्हातारा धनगर आला. त्याला मुंडासं लाल पाहिजे होतं. भाऊसोंनी हौसेनं विचारलं, "घोंगड्याला बी जरा रंग देऊ काय?" म्हातारा म्हणाला, "नगं. मेंढरं वळखायची न्हाईत."

गालांना मात्र आकाराम हात लावत नसे. आधी लावायचा. लग्नाच्या मुलींचे फोटो यायचे, गाल जरा गुलाबी करून मागायचे. अशा एका फोटोवर पसंती झाली. मग पाहुणे प्रत्यक्ष मुलगी बघायला गेले आणि तिथून थेट दुकानात आले, फोटो हातात धरून. मुलीचा बापही मागोमाग.

"हे गुलाबी कुटं हाय? दावा!" पाहुणे म्हणाले.

"त्या दिवशी रागात व्हती ती," बाप म्हणाला.

लग्न झालं, आणि ती मुलगी पुढंही बऱ्याचदा रागात असायची असं कानावर आलं. पण आकारामनं त्या दिवसापासून गाल सोडले.

दुष्काळ संपून दोनेक वर्षं झाली असतील. कडेगावाकडच्या एका गावचे दादासो दुकानात आले. गावाचं नाव लिहीत नाही; तिथली माणसं अजून धडधाकट आहेत आणि बोलायच्या आधी हात उचलतात. दादासोंचा ऊस मोठा, आवाज त्याहून मोठा. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती आणि दादासो त्यांच्या वॉर्डातून उभे होते. आधी निवडून यायचं, मग सरपंच व्हायचं. यातलं पहिलं झाल्यातच जमा आहे असं धरून ते चालले होते. समोर अर्जुना नावाचा माणूस होता. त्याचं नाव निघालं की दादासो मिशीवरची माशी हाकलल्यासारखा हात करायचे.

सोबत त्यांची बायको धोंडुबाई होती. पंचायतीत बायकांसाठी दोन जागा असत. आपलं पॅनेल पुरं दिसावं म्हणून दादासोंनी त्यातल्या एका जागेवर बायकोचा अर्ज भरला. तिथं दुसऱ्या कुणी अर्जच भरला नाही. म्हणजे मतदानाच्या आधीच धोंडुबाई बिनविरोध निवडून आली होती. त्याचा ना कुणी फटाका उडवला, ना कुणी पेढा खाल्ला. त्या दिवशी तिनं म्हशीची धार काढली, तीही रोजच्या वेळेला.

दोघांचा जोडीनं फोटो काढायचा होता. दादासो बाहेर पान खायला गेले तेव्हा धोंडुबाई आकारामजवळ आली. मी भिंतीच्या अलीकडं काच पुसत होतो. भिंत म्हणजे पत्राच.

"भाऊ, माझं दोन फोटो निगालं आजवर. एक भावाच्या लग्नात. म्होरं एका बाईचं डोस्कं आलं, माझा हात तेवढा आला. बांगड्यांवरनं वळीकला मी. दुसरा जावंच्या पोराच्या बारशात. कुणीतरी हाक मारली म्हणून मी वळली आन तवाच त्यानं दाबलं. पाठ आली."

"पाठ चांगली आली काय?" आकारामनं विचारलं.

"लय झ्याक आली. पर पाठीकडं बघून माणूस काय म्हणंल? ही कोण, असंच की. ह्या बारीला मी दिसली पायजे. दुसरं काय न्हाई मागत."

"दिसशीला, वैनी," आकाराम म्हणाला.

दिसली नाही. त्यात आकारामची चूक नव्हती. पांढरा पडदा धुवायला गेला होता, म्हणून भाऊसोंनी काळा लावला. दादासो पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून खुर्चीत बसले. धोंडुबाई मागं उभी राहिली, तिचं सगळ्यात चांगलं, गर्द काळपट इरकली लुगडं नेसून. दिवे सगळे दादासोंवर. फोटो कागदावर उतरला तेव्हा दादासो दुधासारखे लख्ख, आणि मागं काळोख. त्या काळोखात नीट शोधलं तर एक सावळं तोंड सापडायचं, माळ्यावरून कुणी डोकावल्यासारखं. खांदे कुठं संपतात आणि पडदा कुठं सुरू होतो ते देवालाही सांगता आलं नसतं.

दोघं फोटो बघायला आले. धोंडुबाईनं तो हातात घेतला, उजेडाला धरला, तिरका करून पाहिला आणि परत ठेवला.

आकाराम म्हणाला, "दादासो, वैनींचं कुंकू लाल करतो. नजर तिकडं जाईल. तुमी पांढऱ्यात दिसताच हायसा."

"कुंकू बिंकू नगं. मला गुलाल लाव. टोपीवर, कपाळाला, खांद्यावर. असा लाव की वाटलं पायजे, आत्ता मिरवणुकीतनं आलोय."

"निकाल लागलाय व्हय?"

"लागायचाच काय ऱ्हायलाय?"

"मोजणी व्हायचीय की अजून."

"मोजणी सरकारसाटनं असती. मिरवणूक दारात यील तवा फोटो भिंतीवर पायजे. मागनं कोण रंगवत बसतोय?"

आकाराम सगळाच्या सगळा त्यांच्याकडं वळला. "गुलाल निवडून आलेल्या माणसाला लावत्यात."

"मग?"

"वैनी आल्यात की निवडून. वैनींना लावतो."

दादासो हसले. हसण्यात मजा नव्हती. "ती बायकांची जागा. ते काय निवडून येणं हाय व्हय? अर्ज मी भरला. सही कुटं करायची ते बी मीच दाखिवलं."

"सही माझी हाय की पर," धोंडुबाई म्हणाली.

भाऊसो मध्ये पडले. सोसायटीचे, साखर कारखान्यावरच्या सत्कारांचे, सगळे ग्रुप फोटो दादासोंच्या शब्दावर त्यांच्याकडं यायचे. त्यांनी आकारामकडं न बघताच सांगितलं, "लाव रं, सांगत्यात तिथं लाव." दुकान त्यांचं. आकारामनं मान हलवली, म्हणजे खांदे हलवले.

जाताना धोंडुबाई उंबऱ्यात थांबली. "भाऊ, म्हंजी ह्या बारीला बी हातच म्हणा."

ती गेल्यावर तो बराच वेळ कुंचला चोखत बसला. त्यात रंगही नव्हता.

आता काम पटलेलं नसलं तरी ते वाईट करायचं, हे त्याला जमत नव्हतं. फोटोत गुलाल मुळात नव्हताच. टोपी कोरी, कपाळ कोरं. नसलेला गुलाल लावायचा तर तो माणसावर कसा पडतो ते माहीत पाहिजे. आकारामनं बाजारातून मूठभर खरा गुलाल आणला, मला बोलावलं, टोपी घालायला लावली आणि काही न सांगता तोंडावर मारला. मी शिव्या दिल्या. तो म्हणाला, "हालू नगंस," आणि हातभर अंतरावरून माझ्या भुवया बघत बसला. भुवईच्या केसात गुलाल जास्त धरतो, पापणीवर कमी. नाकाच्या एकाच बाजूला बसतो, कारण कुणी समोरून नीट मारत नाही. टोपीच्या घडीत रेघ होते. हे सगळं बघून झाल्यावर म्हणाला, "जा आता."

घरी गेलो तर मनुबाईनं, माझ्या बायकोनं, वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुटं निवडून आलासा?"

"काचा कापायच्या मंडळावर," मी म्हणालो. अंघोळीला पाणी तिनं गार दिलं.

फोटो झाला. वाईट म्हणायला जागा नव्हती. काळ्या-पांढऱ्या कागदावर तेवढा एक गुलाल, आणि तो इतका खरा की फुंकर मारली तर उडेल. नजर दादासोंच्या टोपीवर जायची आणि तिथंच बसायची. धोंडुबाई आधी जेवढी दिसत होती तेवढीसुद्धा उरली नाही.

मतमोजणीच्या दिवशी सकाळच्या एस्टीनं मी फ्रेम घेऊन त्यांच्या गावाला गेलो. मांडीवर फ्रेम, फ्रेमवर पोतं, पोत्यावर कंडक्टरची कुरकुर. दादासोंच्या सोप्यात, दारातून शिरलं की समोर दिसेल अशी, ती लावली. त्यांनी मला जेवूनच जा म्हणून ठेवून घेतलं. मिरवणूक बघायला.

मोजणी शाळेत होती. दुपार कलली तशी हलगी ऐकू आली. दादासो उठले, टोपी सारखी केली, दारात उभे राहिले. हलगी जवळ आली. हलगीच्या पुढं गुलालानं माखलेला माणूस होता, आणि तो अर्जुना होता. दादासो पडले होते. फार मतांनी नाही. पण थोड्या मतांनी पडलेला माणूस जरा कमी पडतो असं काही नसतं.

मिरवणूक दारावरून जायची ती दारातच थांबली. कारण पुढच्या लोकांना आत भिंतीवर फोटो दिसला. एकानं दुसऱ्याला दाखवला. हलगीवाल्याचा हात थांबला. अर्जुना स्वतः उंबऱ्यापाशी आला आणि डोळ्यावरचा गुलाल पुसून बघू लागला.

"दादासो," तो म्हणाला, "तुमी कवा निवडून आलासा वो? आमाला कळीवलं न्हाई कुणी."

गर्दी हसायला टपलेलीच होती. दादासोंचं डोकं मात्र संकटात चालायचं, हे मानलं पाहिजे.

"निवडणुकीचा न्हवं त्यो! जोतिबाचा गुलाल हाय. गेलतो आमी डोंगराला. कुळदैवत हाय आमचं. देवाच्या गुलालाला बी हसता व्हय रं?"

देवाचं नाव निघाल्यावर हसणं जरा दबलं. दोघाचौघांनी हात जोडलेसुद्धा. अर्जुनानं जोडले नाहीत. तो अजून फोटो बघत होता.

"मग वैनी काय पायथ्याला चपला राखत बसल्या व्हत्या?"

आता कुणी थांबलं नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेला जो गेला आहे त्याला हे सांगायला नको. तिथं गुलाल अंगावर घ्यायचा का नाही, असं कुणी विचारत नाही. माणसं गुलाबी, शेळ्या गुलाबी, पायऱ्या गुलाबी. परत आलेल्या माणसाच्या कानातून आठवडाभर गुलाल निघतो. तिथून नवरा माखून येतो आणि बायको कोरी येते, असा फोटो जगात निघणार नाही. बाजूच्या घरातल्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणखी एक ह्याच घरात, स्वयंपाकघराच्या दारात हसत उभी होती, आणि ती धोंडुबाई होती.

"फोटो अर्धा हाय!" दादासो ओरडले. "रंगवायचा ऱ्हायलाय अजून. ह्यो बगा, फ्रेमवाला इस्लामपुरास्नं त्यासाटनंच आलाय. काय रं नाथाजी?"

सगळी तोंडं माझ्याकडं. मला संध्याकाळच्या एस्टीनं परत जायचं होतं आणि जेवण अजून व्हायचं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "वैनींचा भाग ऱ्हायलाय."

भिंतीवरून फ्रेम काढली, पोत्यात घातली. हलगी पुढं गेली. जेवण काही मिळालं नाही. त्या घरात त्या दिवशी कुणी कुणाला वाढलं नाही.

पुढच्या बाजाराला धोंडुबाई एकटीच दुकानात आली. दादासोंना इस्लामपूर नको झालं होतं. तिनं निरोप सांगितला. गुलाल तिलाही लावायचा, पण बेतानं, लोकांची तोंडं बंद होतील एवढाच. बाकी त्यांच्या गुलालाला हात लावायचा नाही.

"ह्यो झाला त्यांचा निरोप," ती म्हणाली. "आता माझा ऐका. त्यांचा जोतिबाचा असू दे. मला निवडणुकीचा लावा."

आकाराम म्हणाला, "वैनी, गुलाल सगळा एकच असतोय. कागदावर काय फरक दिसणार?"

"ते मला कळत न्हाई. त्यांचा खोटा हाय आन माझा खरा हाय. तेवढं ध्यानात धरा आन मग काय लावायचा त्यो लावा."

ती भाजी घ्यायला निघून गेली. आकारामनं फोटो पुढं घेतला आणि तिथं खरी पंचाईत सुरू झाली. हा पातळ रंग फक्त पांढऱ्यावर दिसतो. दादासोंच्या टोपीवर तो लगेच बसला होता. काळ्यावर कितीही लावा, काळं ते काळंच. आणि धोंडुबाई सगळी काळ्यात होती. वरून घट्ट रंग थापला असता तर तो चिखलासारखा दिसला असता, गुलालासारखा नाही. भाऊसो म्हणाले, "कपाळाला बोट लाव आन सोड. दादासोंला तेवढंच पायजे." आकाराम म्हणाला, "तेवढ्यानं त्या दिसत न्हाईत."

त्यानं दाढीचं पातं घेतलं, कोपरा मोडून त्याचं टोक केलं, आणि फोटोवरचा काळेपणा खरडायला बसला. फोटोचा काळा थर कागदावर सायीसारखा असतो. वरच्यावर खरवडला तर खाली पांढरं लागतं. जरा जोर झाला तर कागद फाटतो आणि फोटो गेला. गुलालाचे कण म्हणजे एकेक टिंब. एकेक टिंब खरडायचं, फुंकर मारायची, बघायचं, मग पुढचं. मी आयुष्यभर काच कापली आहे. काच कापताना श्वास धरतात, पण एका रेघेपुरता. हा माणूस दिवसच्या दिवस श्वास धरून बसला. दुपारचा चहा गार होऊन त्यावर साय यायची. मान इतकी आखडली की जेवताना राहीबाई ताट हातात उचलून त्याच्या तोंडासमोर धरायची आणि वर बोलायची, "आमास्नी कवा असं निरखून बगितलं न्हाई."

खांद्याची कड त्यानं आधी मोकळी केली, टिंबाटिंबांनी. मग पदर. मग केसांचा भांग. मग कपाळ, आणि शेवटी गाल. गाल सोडलेला माणूस गालावर बसला. मी विचारलं तर म्हणाला, "गुलाल गालावर पडतोयच की रं. मी काय करू?" सगळं खरडून झाल्यावर रंग चढवला. पहिला हात, वाळवण, दुसरा हात, वाळवण. जीभ आठवडाभर गुलाबी.

झाल्यावर मला हाक मारली. मी रंधा ठेवून गेलो. पडद्याच्या काळोखातून एक बाई बाहेर आली होती. खांद्यावर, पदरावर, भांगात गुलाल. गुलालामुळं खांदा कळत होता, मान कळत होती, ती ताठ उभी आहे हे कळत होतं. तिचा गुलाल दाट, ताजा. पुढं बसलेल्या दादासोंवर तेवढाच जुना गुलाल, पण आता तो टोपी झटकायची राहून गेल्यासारखा वाटत होता. त्याला आकारामनं बोटसुद्धा लावलं नव्हतं. निरोप तसाच होता.

भाऊसोंनी कपाळाला हात लावला. "अरं, दादासो मागं पडलं की!"

"खुर्ची हाय की त्यांना," आकाराम म्हणाला.

धोंडुबाई फोटो न्यायला आली. तिनं तो उजेडाला धरला. या वेळी तिरका करावा लागला नाही. बराच वेळ बघितला. आम्ही तिघंही काम सोडून तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"अगं बया," ती म्हणाली, "मी यवढी जाड हाय?"

आकारामचं तोंड उतरलं. आठवडाभर पात्याच्या टोकावर बसलेल्या माणसाला हे ऐकायला मिळालं.

"आन नाक तर बघा, फताडं. बाई कुणाची, त्वांड कुणाचं!" असं म्हणत तिनं फोटो पदरात गुंडाळला, नीट, चारी बाजूंनी, आणि तो काही माझ्या हातात द्यायला तयार होईना. शेवटी फ्रेमला तरी द्या म्हटल्यावर दिला आणि काच बसेपर्यंत माझ्या दुकानात पायरीवर बसून राहिली.

फ्रेम लावायला पुन्हा मीच गेलो. तिनं ती एस्टीत स्वतःच्या मांडीवर घेतली. आकारामलाही तिनं ओढून सोबत आणलं होतं. तो आयुष्यात पहिल्यांदाच आपला फोटो कुठं टांगला जातो ते बघायला निघाला होता.

दादासो सोप्यात होते. त्यांनी फोटो बघितला. नजर आधी कुठं गेली ते आम्ही दोघांनीही पाहिलं. त्यांनी ती ओढून आपल्या टोपीवर आणली, पण ती पुन्हा गेली.

"बेतानं लावाय सांगितलं व्हतं," ते म्हणाले.

"जोतिबाला बेतानं लावत्यात व्हय?" आकारामनं विचारलं.

एवढ्यात अर्जुना आला. तो आता पंचायतीचा मेंबर होता आणि धोंडुबाईला बैठकीचा दिवस सांगायला आला होता. ती पण मेंबरच होती. फोटो अजून खाली, भिंतीला टेकवलेला. त्यानं वाकून बघितला. दादासो श्वास धरून.

"आता बराबर हाय," अर्जुना म्हणाला. "कवा गेलता जोतिबाला, वैनी?"

दादासोंनी बायकोकडं बघितलं. सरळ, डोळ्यांनी विनवत. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या धोंडुबाईनं हात पदराला पुसले.

"मी कुटं गेलती? माझा पंचायतीचा हाय," ती म्हणाली. "ह्यांचं ह्यास्नी इचारा."

अर्जुना मोठा माणूस निघाला. हसला नाही. दादासोंना काही विचारलंही नाही. बैठक कधी आहे ते सांगितलं, पाणी प्यायला, आणि गेला. तो वळणापलीकडं गेल्यावर मात्र त्याचा हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"न्हाई लावायचा ह्यो," दादासो म्हणाले. "ट्रंकेत घाला."

"घाला की," धोंडुबाई म्हणाली. "मग मी पंचायतीत नेऊन लावती. तिथं भिंत मोकळी हाय."

दादासोंनी पंचायतीची भिंत डोळ्यांपुढं आणली असावी. मी जुन्या खिळ्यावर फ्रेम चढवली. धोंडुबाई अंगणात गेली, तिथून रस्त्यावर गेली, आणि तिथून ओरडली, "नाथाजीभाऊ, रस्त्यावरनं नीट दिसंना! वर घ्या जरा!"

वर घ्यायचं तर खिळा नवा मारायला हवा, आणि भिंत मातीची. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. आधी भोक पाडून लाकडाची गुल्ली ठोकायची, तिच्यात खिळा. स्टूल आणलं, तर त्याचा एक पाय आखूड. आकाराम धरायला पुढं आला, पण आखडलेल्या मानेनं त्याला खाली वाकता येत नव्हतं.

मग दादासो उठले. टोपी काढून खुंटीला अडकवली, खाली बसले आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.